एका आवाजाचा मागोवा

आमच्या घरात आवाज ओळखण्याची विद्या आईकडे आहे. अण्णांनी पिकअपचे दार कसे लावले यावरून ती चुलीपाशी बसूनच सांगते, आज टोमॅटोला भाव मिळाला की नाही. दार हळू लागले तर भाव पडला! कादंबऱ्यांतली माणसे दुःखाने दारे आपटतात. आमच्याकडे निराशेचा आवाज अगदी हलका असतो.

गेल्या पावसाळ्यात मात्र गाडीने असा एक आवाज काढला, की तो आईलाही ओळखता येईना. पुढच्या बाजूने, खालून कुठून तरी, ‘ठक्’. एकदाच. मग मैलभर शांतता. आमची पिकअप वीस वर्षांची, जीपच्या घराण्यातली. पुढेसुद्धा पाटेच आहेत तिला. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची ही कमान घोडागाडीच्या काळातली; घोडे गेले, कमान राहिली. तिच्यावर साठ क्रेट टोमॅटो लादून अण्णा रात्री आळेफाट्याहून निघतात, माळशेज घाट उतरतात आणि पहाटेपूर्वी वाशीच्या बाजारात पोचतात. पावसात त्या घाटात धुके असे उतरते, की स्वतःच्या गाडीचे नाकही दिसत नाही. अशा ठिकाणी ब्रेक दाबल्यावर पायाखाली ‘ठक्’ झाले, तर गाडीत बसलेल्या माणसाचे आणि घरी जागणाऱ्या माणसाचे काय होत असेल?

शहरातल्या एका गॅरेजने पाच मिनिटांत निदान केले : शॉकॲब्सॉर्बर, सगळे बुश, किंग पिन, सारे बदला. कागदावरचा आकडा पाहून अण्णांनी तो कागद चार घड्या करून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी ते फाट्यावरच्या चाचांकडे गेले. सुट्टी होती म्हणून मीही गेले.

चाचांनी गाडीखाली डोकावूनही पाहिले नाही. मी उत्साहाने म्हणाले, “चाचा, डाव्या बाजूला वाजतंय.” ते म्हणाले, “कुठं वाजतंय ते नको सांगू पोरी, कधी वाजतंय ते सांग.”

वाचकहो, कला शाखेच्या विद्यार्थिनीने गाडीच्या पाट्यांवर लिहावे, याचे कारण हे एवढे एक वाक्य आहे. आवाज कुठून येतो हे आपला कान छातीठोकपणे सांगतो आणि पुष्कळदा चुकतो. पोलादातून आवाज हवेपेक्षा सुमारे पंधरा पट वेगाने धावतो. एका कोपऱ्यातला ठोका सांगाड्यातून क्षणात सगळीकडे पोचतो. ‘कुठे’ फसवते. ‘कधी’ सहसा फसवत नाही.

चाचांनी मग त्यांचे शास्त्र उलगडले. बारीक खड्ड्यांवर सतत खडखड झाली, तर शॉकॲब्सॉर्बरच्या टोकाचे रबर गेलेले असण्याचा संभव. हळू चालताना कुरकुर होते आणि बुशावर पाणी मारल्यावर ती थांबते, तर बुश कोरडा पडला. पण रबराला ऑइल लावायचे नाही, ते फुगते आणि कुजते. उभ्या गाडीचे स्टिअरिंग हलवताना टकटक झाली, तर एकाने ते हलवायचे आणि दुसऱ्याने टायरॉडच्या एकेका सांध्यावर हात ठेवायचा. ढिलाई कानाला कळण्याआधी तळहाताला कळते. चाक जॅकवर उचलून वरून-खालून धरून हलवायचे. ते हलले, तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवायचे : हलणे थांबले तर बेअरिंग, नाही थांबले तर किंग पिन. आणि वेग वाढेल तशी वाढणारी घूंऽऽ ही पाट्यांची नव्हेच, ती बहुधा बेअरिंगची किंवा टायरची.

मी वही काढली. आठवडाभर अण्णांशेजारी बसून मी एकच गोष्ट लिहीत होते : कधी. गतिरोधकावर नाही. वळणावर नाही. उभ्या गाडीचे स्टिअरिंग फिरवताना नाही. पहिला ब्रेक दाबला की ‘ठक्’. दुसऱ्या, तिसऱ्या ब्रेकला काही नाही. मात्र गाडी मागे घेऊन थांबवली की पुन्हा ‘ठक्’, आणि त्यानंतर पुढे जाताना पहिल्या ब्रेकला पुन्हा एकदा.

तर्कशास्त्राच्या तासाला आपण जॉन स्टुअर्ट मिलच्या पद्धती शिकलो. 1843 सालच्या त्याच्या ग्रंथातली व्यतिरेक पद्धती परीक्षेत बरोबर लिहिता येत होती. पण ‘बाकी सारे सारखे ठेवून एकच गोष्ट बदला’ याचा अर्थ मला त्या आठवड्यात कळला. रस्ता तोच, वेग तोच, ओझे तेच, ब्रेक तोच. फरक एवढाच, की मध्ये गाडी मागे घेतली होती!

चाचांनी वही वाचून घेतली. “म्हणजे काहीतरी सरकतं आणि तिथंच बसतं. उलट ओढलं की परत येतं.” त्यांनी मला खडू दिला. पाट्यापासून खालच्या एक्सलच्या बैठकीपर्यंत मी दोन्ही बाजूंना एकेक सरळ रेघ ओढली. अण्णांनी गाडी पुढे घेऊन ब्रेक दाबला. उजवीकडची रेघ अखंड होती. डावीकडची दोन सुतांनी तुटली होती.

पाट्यांचा गठ्ठा एक्सलवर यू बोल्टांनी आवळलेला असतो, आणि मधल्या सेंटर बोल्टचे डोके बैठकीच्या भोकात बसून त्याला जागेवर ठेवते. यू बोल्ट सैल पडले, सगळा ताण त्या एका बोल्टवर आला आणि तो तुटला. मग प्रत्येक पहिल्या ब्रेकला एक्सल पाट्याखाली मागे सरकत होता. एकाच बाजूचा! घाटात ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला का ओढते, याचेही उत्तर त्या खडूच्या रेघेत होते. अण्णा त्या रेघेकडे बराच वेळ बघत राहिले.

नवा सेंटर बोल्ट आणि नवे यू बोल्ट आले. चाचांनी ते आळीपाळीने तिरपे आवळले आणि चारपाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळायला बजावले. शॉकॲब्सॉर्बर ठणठणीत होते. बंपर दाबून सोडला तर गाडी एकदा वर येऊन थांबत होती. गॅरेजच्या आकड्यापुढे हा खर्च किरकोळ होता. पण पैशापेक्षा मला वाटले ते असे : ज्याने सगळे बदलायला सांगितले, त्याने काहीच ऐकले नव्हते. त्याच्या यादीत जे होते ते सारे बदलले असते, तरी तो आवाज तसाच राहिला असता, आणि अण्णा निर्धास्तपणे घाट उतरत राहिले असते.

माझी ती वही आता गाडीतच असते. सातवीपर्यंत शिकलेल्या अण्णांनी पुढची पाने भरायला सुरुवात केली आहे. परवा उघडून पाहिले तर त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिले होते : “उजवा पाटा. कुरकुर. उन्हात होते, पावसात नाही. म्हणजे बुश कोरडा.” खाली तारीख, आणि त्याखाली पेन्सिलीने माझ्यासाठी एक प्रश्न : “बरोबर का?”