कॉम्प्युटरवरचं मेसेजचं ॲप सारखं बंद पडत होतं, त्याची नोंद

आजची नोंद घरातल्या जुन्या कॉम्प्युटरची आहे. पण तिचा संबंध कपाशीशीच आहे, म्हणून इथंच टाकतो.

हर्सूल-सावंगी पट्ट्यातले आम्ही सात जण बोंडअळीच्या कामगंध सापळ्यांची मोजणी एकत्र ठेवतो. एकरी २ सापळे. सकाळी ज्यानं त्यानं पतंग मोजून ग्रुपवर आकडा टाकायचा, संध्याकाळी मी सगळ्यांचा तक्ता करून आमच्या सल्लागार ताईंना पाठवायचा. गुलाबी बोंडअळीचा हिशोब तुम्हाला माहीतच आहे : सापळ्यात सरासरी ८ पतंग सलग ३ रात्री, नाहीतर १० टक्के फुलं-बोंडं किडलेली, तेव्हा फवारणी. "सलग" हा शब्द महत्त्वाचा. मधल्या एका दिवसाचा आकडा गेला, की निर्णय अंदाजानं होतो आणि अंदाजाची फवारणी खिशातून जाते.

नेमकं त्याच आठवड्यात ॲप पडायला लागलं. ग्रुप उघडला, फोटो वर सरकवले, की खिडकी गायब. ना एरर, ना सूचना. मोबाइलवर मेसेज दिसायचे, पण चौदा सापळ्यांचा तक्ता मोबाइलवर भरणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा.

पुतण्या म्हणला, "काका, काढून परत टाकू." म्हणलं, थांब. पान पिवळं पडलं म्हणून लगेच युरिया टाकतो का आपण? नत्र कमी आहे, पाणी साचलंय का मूळ कुजलंय, ते आधी बघतो. शिवाय लिनक्सवर ॲप काढून परत टाकलं तरी त्याची सेटिंग आपल्या होम फोल्डरमध्ये तशीच राहते. दोष तिथं असेल तर नवं ॲपही पडणारच.

मग एकेक तपासलं.

पहिलं : आयकॉनवर क्लिक न करता टर्मिनलमध्ये ॲपचं नाव टाइप करून ते सुरू केलं. असं केलं की ॲप मरताना काय बोलतं ते खाली छापून येतं. "सेगमेंटेशन फॉल्ट" आलं तर ॲप स्वतः कोसळलं, म्हणजे प्रोग्रॅममध्ये किंवा त्याच्या सोबतच्या फाइलींत गडबड. आमच्याकडं आला एकच शब्द : "किल्ड". म्हणजे ॲप आपण होऊन मेलं नाही, त्याला मारलं गेलं.

दुसरं : कंट्रोल प्लॉट. फवारणीचा परिणाम बघायला आपण एक तास तशीच सोडतो ना, तसं कॉम्प्युटरवर एक नवीन युजर तयार केला आणि तिथं ॲप चालवलं. तिथं चाललं असतं तर दोष आपल्या सेटिंगमध्ये. पण फोटोंचा तोच ग्रुप उघडल्यावर तिथंही पडलं. सेटिंग निर्दोष.

तिसरं : कुणी मारलं? टर्मिनलमध्ये "जर्नलसीटीएल" चालवून कर्नलची नोंदवही उघडली. तिथं स्पष्ट लिहिलेलं होतं, "आउट ऑफ मेमरी", पुढं आमच्या ॲपचं नाव. मेमरी पार संपली की सगळं मशीन अडकू नये म्हणून लिनक्सचं कर्नल एखाद्या प्रोग्रॅमचा बळी देतं, आणि तो बहुतेक वेळा सगळ्यात जास्त मेमरी खाणारा असतो. आमची रॅम २ जीबी. हवामान बघायला ब्राउझर उघडा, शेजारी तक्ता, वर ग्रुपातले किडक्या बोंडांचे शेकडो फोटो. "फ्री" कमांडनं बघितलं तर स्वॅप शून्य, म्हणजे रॅम भरल्यावर ओतायला डिस्कवर जागाच नव्हती. शेततळं नसलेल्या विहिरीसारखं.

उपाय साधा निघाला. २ जीबीची स्वॅप फाइल केली, ती कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप लागेल अशी नोंद केली, ॲपमधलं फोटो आपोआप डाउनलोड होणं बंद केलं, आणि तक्ता भरताना ब्राउझर बंद ठेवायचं ठरवलं. स्वॅपमुळं मशीन जरा हळू चालतं, कारण डिस्क रॅमइतकी चपळ नसते. खरा इलाज रॅम वाढवणं, तो कापूस विकल्यावर.

एक सावधानी. सेटिंगच्या फोल्डरवर संशय आला तर ते डिलीट करू नका, ॲप बंद करून फोल्डरचं नाव बदला. ॲप नव्यानं सुरू होतं आणि जुनं जागेवर राहतं. काही ॲपचे जुने मेसेज त्या फोल्डरमध्येच असतात. ते गेलं तर वर्षाच्या नोंदी गेल्या.

त्या आठवड्याचा तक्ता पूर्ण गेला. दोन रात्री सरासरी ८ च्या वर होती, तिसऱ्या रात्री ५ वर आली. बोंडं फोडून बघितली, किडलेली १० टक्क्यांच्या बरीच खाली. ताईंनी कळवलं, "फवारणी थांबवा, मोजणी चालू ठेवा." सात जणांचा एकेका फवारणीचा खर्च वाचला.

उद्या सकाळी परत सापळे बघायचेत. ल्यूर बदलायची तारीखही जवळ आलीय, तुमच्याकडचीही बघून घ्या. रामराम.