लुगड्याचा पडदा

गिरणीच्या भोंग्यावर लालबाग-परळचा दिवस सुरू होत असे, त्या काळी चाळींसमोरून जाणाऱ्याचे लक्ष प्रथम खिडक्यांकडे जाई. कोठे हिरवा, कोठे अंजिरी, कोठे विटका जांभळा असे पडदे तेथे वाऱ्यावर हलत असत. हे पडदे बाजारातून आणलेले नसत. ती घरातील बायकांची जुनी लुगडी असत.

नऊवारी लुगडे एकाएकी टाकाऊ होत नाही. ते मध्ये विरले, की तेवढा भाग काढून दांड घालीत. पुढे तेही नेसण्याजोगे उरले नाही, म्हणजे ते खिडकीत जाई. चौकटीला दोन खिळे ठोकून सुतळी ताणायची, तिच्यावरून लुगडे चुण्या करून सोडायचे आणि ठळक काठ खाली येतील असे बघायचे, एवढीच ती सजावट. खिडकीतून उतरले, की त्याची गोधडी होई.

१८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली. पुढे गिरण्या वाढल्या, तशी कोकणातून आणि घाटावरून माणसे कामाला आली. परळजवळच्या बी. डी. डी. चाळींतील एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. तेवढ्यातच स्वयंपाक, अभ्यास आणि झोप!

अशाच एका खोलीत एक मुलगा राहत होता. वडील रातपाळीला साच्यावर काम करीत. रोज रात्री ज्यांच्या हातांखालून वारच्या वार नवे कापड जाते, त्यांच्याच खिडकीला दांड घातलेले लुगडे! मुलाला त्याची लाज वाटे.

एके दिवशी शाळेतील एक मित्र त्याला खालून हाक मारणार होता. पडदा त्याच्या दृष्टीस पडू नये, म्हणून मुलाने तो काढून ट्रंकेमागे दडवला आणि हाक येताच तो खेळायला गेला. आई दिवसपाळीस गेली होती. वडील नुकतेच निजले होते.

खिडकी पश्चिमेची होती. मुलगा संध्याकाळी परतला, तेव्हा वडील भिंतीला टेकून बसले होते. त्यांचे डोळे लाल झाले होते. ते एक शब्दही बोलले नाहीत. चहा घेऊन ते कामावर गेले.

आई रिकाम्या सुतळीकडे पाहत म्हणाली, "बाळ, तुझ्या बाबांची रात्र दुपारी असते. ती आपण या लुगड्याने करतो. साच्यावर झापड आली, तर हात अडकायला वेळ लागत नाही."

त्या रात्री मुलाचा डोळा लागला नाही. पहाटे उठून त्याने पडदा पुन्हा लावला, चुण्या सारख्या केल्या, काठ नीट सोडले. सकाळी जिन्यात वडिलांची ओळखीची पावले वाजली, तेव्हा कोठे त्याचा जीव भांड्यात पडला. वडिलांनी खिडकीकडे पाहिले, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि ते निजले.

१९८२ साली गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. पुढे एकामागून एक गिरण्या बंद पडल्या, भोंगे थांबले आणि काचेच्या खिडक्यांचे उंच मनोरे उभे राहिले. तरी उरलेल्या एखाद्या चाळीच्या खिडकीत जुन्या साडीचे काठ अजूनही हलताना दिसतात. आत कोणी दमून निजले असेल, असे मनात येते आणि जाणाऱ्याचे पाऊल आपोआप हळू पडते.