भीतीची आखूड गोष्ट

घाबरवणारी गोष्ट लांबली की तिला खुलासा द्यावा लागतो आणि खुलासा आला की भीती उतरते. भयकथा आखूड असावी लागते ती मुख्यतः यासाठी. एडगर ॲलन पो याने 1842 मध्ये हॉथॉर्नच्या कथांविषयी लिहिताना एका बैठकीत वाचून होणारी, एकच परिणाम साधणारी कथा श्रेष्ठ ठरवली आणि कथेच्या अभ्यासकांनी ती कसोटी पुढे उचलून धरली. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला, घोड आणि भीमा या नद्यांच्या काठाने, हीच अट पोचे नावही न ऐकलेली माणसे पाळत आली आहेत.

शिरूर आणि दौंड हे इथले दोन्ही तालुके कालव्याच्या पाण्यामुळे उसाचे झाले. दौंडकडे केडगाव, यवत, पाटस या पट्ट्यात गुऱ्हाळे आहेत, साखर कारखाने आहेत. आडसाली ऊस दीड वर्षापर्यंत रानात उभा राहतो आणि माणसाच्या डोक्यावर जातो. शेतीपंपांना वीज आळीपाळीने मिळते, त्यामुळे रात्रपाळीच्या आठवड्यात दारे धरायला रात्रीच जावे लागते. खांद्यावर फावडे, हातात बॅटरी, पायाखाली चिखल. एक सरी भरेपर्यंत बांधावर बसून राहायचे, भरली की दारे मोडून पाणी पुढच्या सरीत घ्यायचे. मधल्या वेळात करण्यासारखे काही नसते. पाचटात खसखस झाली तर ती वाऱ्याची, घुशीची की आणखी कशाची, हे ओळखत बसणे तेवढे हातात असते. गोष्टी या रिकाम्या वेळातून येतात आणि गुऱ्हाळाच्या चुलाणापाशी सांगितल्या जातात.

त्यांतली सगळ्यात टिकाऊ गोष्ट चकव्याची. माणूस रोजच्या पायवाटेने वस्तीकडे निघतो, चालतो, चालतो आणि पुन्हा त्याच बाभळीपाशी येतो. वाट बदलतो, तरी बाभूळ समोर. उजाडते तेव्हा तो स्वतःच्याच घरापासून हाकेच्या अंतरावर उभा असतो. सांगणारा तपशिलात कंजुषी करत नाही. कोणाचा मळा, कोणती विहीर, हातात कंदील होता की बॅटरी, त्या दिवशी बाजार कोणत्या गावचा होता, हे सगळे तो सांगतो. माणसाला फिरवले कोणी, एवढे मात्र सांगत नाही. ऐकणारा विचारतो, ‘मग पुढं?’ उत्तर येते, ‘पुढं काय? उजाडलं.’ तंबाखू मळून होईपर्यंत गोष्ट संपलेली असते.

याउलट शिवेवरचा वेताळ किंवा पिंपळावरचा मुंजा घ्यावा. त्यांना नाव आहे, जागा ठरलेली आहे, आवडीनिवडी आहेत. वेताळाला नारळ फोडला, शेंदूर लावला की व्यवहार पुरा होतो. ज्याच्याशी देणेघेणे करता येते त्याची भीती फार काळ टिकत नाही. पुढे पुढे तो गावकीतलाच एक होऊन जातो. चकव्याला तोंड नाही, मागणे नाही. त्याच्यापुढे नारळ ठेवायचा कुठे, हेही कोणाला ठाऊक नसते. चकवा लागला तर जागच्या जागी बसून उजाडायची वाट पाहावी, एवढाच उपाय जुनी माणसे सांगतात.

मराठीतल्या छापील भयकथेतही हाच फरक दिसतो. नारायण धारप (1925–2008) यांच्या समर्थकथांत संकट कितीही अघोरी असले तरी समर्थ हा नायक सोडवायला येणार, हे वाचकाला माहीत असते. त्या कथा रात्री वाचून माणूस दचकतो आणि मग शांत झोपतो. देवळाच्या पायरीवर बसून ऐकावी तशी ती भीती आहे, आणि तिच्या लोकप्रियतेचे रहस्यही तेच असावे. रत्नाकर मतकरी (1938–2020) यांच्या गूढकथांत असा सोडवणारा सहसा येत नाही. तिथे चाळ आहे, बँकेतली नोकरी आहे, आजारी नातेवाईक आहे आणि या ओळखीच्या घरातच काहीतरी तिरपे होत जाते. वाचून झाल्यावर स्वतःच्याच घरातले कपाट नीट बंद आहे ना, असे पाहावेसे वाटते. अस्वस्थ करण्याच्या कामात मतकरी अधिक पुढे गेले, ते ओळखीच्या गोष्टींचा आधार काढून घेतल्यामुळे. धारपांनीही समर्थांना बाजूला ठेवून लिहिले तेव्हा त्यांची पकड वाढली. त्यांच्या ‘आजी’ या कथेचा धागा 2018 च्या ‘तुंबाड’ चित्रपटात आहे. मूळ कल्पना स्टीफन किंग यांच्या कथेची. चित्रपटाला पावणेदोन तास भरायचे होते, म्हणून हस्तर नावाचा देव, त्याची जन्मकथा, त्याचा शाप असे सगळे पुराण उभे करावे लागले. चित्रपट देखणा झाला, पण त्यात भीतीपेक्षा लोभाची गोष्ट वरचढ ठरली.

भीती ही नकोशी भावना असून माणूस ती मुद्दाम वाचायला का घेतो, हा प्रश्न जुना आहे. संस्कृत काव्यशास्त्रकार अभिनवगुप्ताने तो भयानक रसाच्या निमित्ताने हाताळला. ‘शाकुंतल’च्या पहिल्या अंकात दुष्यंताच्या बाणापुढे मान वळवून पळणारे हरीण हे त्याचे उदाहरण. प्रेक्षकाला तिथे जे भय जाणवते ते त्या हरणाचे नसते आणि स्वतःचेही नसते. कोणाच्याच मालकीचे नसलेले नुसते भय असते. म्हणून पळून जावेसे वाटत नाही, चव घ्यावीशी वाटते. भयकथेच्या वाचकाविषयी नंतर झालेली बरीच चर्चा याच्या पुढे फारशी गेलेली नाही.

शिरूर तालुक्यात या विचाराची उलटी बाजू पाहायला मिळते. दाट ऊस, पाणी आणि वस्त्यांवरची कुत्री यांमुळे बिबट्या उसातच राहू लागला. तोडणीच्या वेळी सरीत त्याची पिल्ले सापडतात. 2025 च्या अखेरीस पिंपरखेड परिसरात माणसांवर जीवघेणे हल्ले झाले, तेव्हा लोक गळ्यात टोकदार खिळ्यांचे पट्टे घालून रानात जाऊ लागले. हे भय मालकीचे आहे, त्याची चव घेता येत नाही. बिबट्याची हकिकत सांगतानाही तिचा घाट बदलतो. किती वाजता, कोणत्या गटात, ठसे कुठे, पिंजरा कधी लागला, भरपाई मिळाली का, अशी ती पंचनाम्यासारखी पुढे जाते आणि त्यात सांगायचे काही बाकी ठेवलेले नसते. पाचटातली खसखस कशाची, हा प्रश्न इथे रंगवण्याचा राहत नाही. त्याचे उत्तर लगेच हवे असते.

चकव्याची गोष्ट रंगते ती ऐकून झाल्यावर ज्याला घरी जाऊन झोपायचे आहे त्याच्यापुढे. ज्याची त्या रात्री पाण्याची पाळी आहे तो मध्येच उठतो, सोबतीला कोणी येते का विचारतो, मोबाइलवर मोठ्याने गाणी लावतो आणि रानात जातो. या भागातल्या शेतकऱ्यांची मागणी साधी आहे: थ्री फेज लाइट दिवसा द्या.