वॉटर पेपर

मी डे-स्कॉलर. होस्टेलवाल्यांच्या भाषेत 'घरकोंबडा'. त्यामुळे मेसच्या डाळीवर लिहायचा मला काही अधिकार नाही. पण आमच्या घरी एक गाडी आहे आणि ती मी एका सकाळी खराब केली, त्यावर मात्र लिहू शकतो.

बाबा गाड्या रंगवायचे. एका गॅरेजात डेंटिंग-पेंटिंगच्या कामाला सव्वीस वर्षं. लांबी भरायची, वॉटर पेपर मारायचा, प्रायमर, रंग, वरून क्लिअर. लोकांच्या शेकडो गाड्या चमकवल्या आणि स्वतः आधी सायकलवर, मग लुनावर फिरले. दोन वर्षांपूर्वी त्यांनी 2006 सालची एक मारुती 800 घेतली. (ही गाडी बनणंच 2014 च्या जानेवारीत थांबलं, त्यामुळे स्वस्तात मिळाली.) पाच रविवार खपून तिला गडद निळा रंग दिला. आणि मग खोकला इतका वाढला की डॉक्टरांनी स्प्रे गनला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. क्लिअरमध्ये जे हार्डनर मिसळतात त्यात आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा श्वासातून आत गेला की दमा जडू शकतो, आणि तोंडाला रुमाल बांधून तो अडत नाही. बाबांनी सव्वीस वर्षं रुमालच बांधला!

म्हणजे ती निळी गाडी बाबांनी रंगवलेली शेवटची गाडी. हे मला माहीत होतं. तरी...

मागच्या मे महिन्यात फोर्थ सेमचा शेवटचा पेपर झाला आणि अंगात उत्साह संचारला. बाबा हल्ली एका रंगाच्या दुकानात काउंटरवर बसतात. म्हटलं, ते यायच्या आत गाडी चकाचक करून ठेवू. सकाळचे दहा वाजले होते. नागपूरचा मे तुम्हाला सांगायला नको; 23 मे 2013 ला इथे 47.9 अंशांची नोंद झाली होती. त्या दिवशी तेवढं नव्हतं, पण बॉनेटवर हात ठेववत नव्हता. आधी कोरड्या फडक्याने खसाखसा धूळ पुसली. मग बादलीत कपड्यांची पावडर टाकून त्याच फडक्याने गोल गोल घासलं. फडकं दोनदा खाली पडलं, दोन्ही वेळा झटकून पुन्हा वापरलं. वरून बोअरचं पाणी मारलं आणि उन्हात आपोआप सुकेल म्हणून पंख्याखाली जाऊन झोपलो.

साडेचारला बाबा आले. गाडीकडे पाहिलं, काही बोलले नाहीत. चावी घेतली, गाडी सावलीतून काढून तिरप्या उन्हात उभी केली आणि मला हाक मारली. बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा, आणि त्यावर पाण्याचे पांढरे ठिपके.

"तू गाडी धुतली नाही रे," बाबा म्हणाले, "वॉटर पेपर मारला तिले."

मी म्हटलं, रबिंग मारून निघेल ना?

"निघन. पण रबिंग म्हंजे काय? वरचं क्लिअरच घासतो ना आपण. किती डाव घासशीन?"

क्लिअरचा थर साधारण 40-50 मायक्रॉन, डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. तो संपला की पुन्हा कोण मारणार, हे ते बोलले नाहीत. मीही नाही.

लाज याची वाटली की यातलं सगळं मी 'शिकलेलो' होतो. रस्त्याच्या धुळीत वाळू असते, वाळू म्हणजे क्वार्ट्झ, मोह स्केलवर 7. ती फडक्यात धरून रंगावर फिरवली तर दुसरं काय होणार? आणि ठिपके? फर्स्ट इयरला ईडीटीए टाकून, वाइन रेडचा निळा होईपर्यंत ह्याच बोअरच्या पाण्याचा हार्डनेस काढला होता की! (खरं सांगायचं तर रीडिंग शेजारच्या बॅचचं होतं.) पाणी उडून जातं, कॅल्शियम तिथेच राहतं.

पुढच्या रविवारी बाबांनी सहा वाजता उठवलं. बॉनेट थंड होतं. आधी माझं घड्याळ आणि बेल्ट काढायला लावला, बक्कल दरवाजाला घासतं म्हणून. मी फडकं उचललं तर ओरडले, "घाई कायले करून राहिला? हात लावू नको तिले. पयले पाणी." आईची झाडांची झारी घेऊन टपापासून खाली पाणी सोडलं, सुटी धूळ आपल्या आपण वाहून जाईपर्यंत. मग दोन बादल्या. एकीत कार शॅम्पू, दुसरीत नुसतं पाणी, आणि तिच्या तळाशी आईची जुनी पुरणाची चाळणी पालथी. (चाळणीवरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही.) मायक्रोफायबरचं फडकं शॅम्पूत बुडवायचं, एक पत्रा हलक्या हाताने सरळ रेषेत पुसायचा, मग साध्या पाण्यात पिळायचं, की कचरा चाळणीखाली बसतो आणि पुन्हा वर येत नाही. मग परत शॅम्पू. चाकं सगळ्यात शेवटी, वेगळ्या फडक्याने. खाली पडलेलं फडकं बाद. शेवटचं पाणी नळाचं, बोअरचं नाही. आणि ते सुकायच्या आत कोरडं मायक्रोफायबर पसरून नुसतं ओढून घ्यायचं, दाबायचं नाही. सगळं मिळून तीन बादल्या पाणी लागलं. पाइपने मी किती ओतलं होतं, देव जाणे.

आता माझी नजरच बिघडली आहे. आपल्या स्टाफ पार्किंगमधल्या काळ्या गाड्या एकदा दुपारी चारला पाहा, म्हणजे कळेल. सर, राग मानू नका, पण त्या सीटखालच्या पिवळ्या फडक्याने रोज सकाळी कोरडं पुसणं बंद करा.

गाडी दर रविवारी मीच धुतो. रबिंग अजून मारलेलं नाही; बाबा म्हणतात, राहू दे. धुऊन झालं की ते खोकत खोकत बाहेर येतात, मोबाइलचा टॉर्च लावतात आणि बॉनेटवरून हळूहळू फिरवतात. मी बाजूला उभा, व्हायवाला उभं राहतो तसा.

"ह्या जुन्याच आहे," म्हणतात, आणि चहा टाकायला सांगतात.