माशांचा ऑटो

आमच्या वेळापुरात ‘ऑटो’ म्हटलं की रिक्षा डोळ्यांसमोर येत नाही. येते ती शेतातली मोटर! विहिरीवरच्या नाहीतर बोअरच्या मोटरीला स्टार्टर असतो आणि त्याला जोडलेली एक लहानशी पेटी असते. तिला सगळे ऑटो म्हणतात. शेतीची लाइट कधी दिवसा असते, कधी भर रात्री. पूर्वी उसाला पाणी द्यायचं म्हणून घरातलं कुणीतरी अंधारात बॅटरी घेऊन निघायचं, साप-किरड्याची भीती असायची. ऑटो लावलेला असला की लाइट येताच मोटर आपली आपण सुरू होते. माळशिरस तालुक्यातल्या चौथीच्या मुलाला ऑटो म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. तोच बाईंना शिकवतो.

मी इथल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. एका पालकांनी आमच्या वर्गाला काचेची मत्स्यपेटी भेट दिली. लांबी ६० सेंटिमीटर, रुंदी ३०, उंची ३०. घनफळ काढायला आयतंच उदाहरण मिळालं! ५४ हजार घनसेंटिमीटर, म्हणजे ५४ लिटर. त्यात काळे मॉली आणि गप्पी मासे सोडले. गप्पींना पिल्लं झाली तेव्हा तर मधल्या सुट्टीत खेळायला मैदानावर कुणी जाईना.

आमच्याकडे उन्हाळा भाजून काढतो, पण जानेवारीतल्या रात्री चांगल्याच गार असतात. हे मासे उष्ण प्रदेशातले. म्हणून पेटीबरोबर दुकानातून आलेला १०० वॉटचा हीटर लावलेला होता. हीटरच्या आत पाणी गरम झालं की बंद करणारी एक पट्टी असते. दोन वेगवेगळ्या धातूंची पट्टी एकमेकींना चिकटवलेली. तापली की एक धातू जास्त पसरतो, दुसरा कमी, त्यामुळे पट्टी वाकते आणि वीज तोडते. गार झाली की सरळ होऊन पुन्हा जोडते. पण दर वेळी जोडताना-तोडताना बारीक ठिणगी पडते. हजारो ठिणग्या पडल्या की कधीतरी ते टोक टोकाला वितळून चिकटतं. मग पट्टी कितीही तापो, वीज तुटत नाही.

एका जानेवारीतल्या रविवारी आमच्या हीटरचं हेच झालं. सोमवारी वर्ग उघडला तेव्हा पेटीतलं पाणी ३९ अंशांवर होतं. एकही मासा जिवंत नव्हता. मुलं रडली. मला प्रार्थनेला उभं राहणं जड गेलं.

मासे चिंचेच्या झाडाखाली पुरून आल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “बाई, त्याला ऑटो का नव्हता?”

बोललात तर साधं, पण प्रश्न पक्का! हीटरवर नजर ठेवणारं दुसरं कुणीच नव्हतं. मी ठरवलं, माशांचा ऑटो आपण वर्गात बनवायचा.

मुलांनो, अशा यंत्रांची खरी गरज कुणाला पडते ठाऊक आहे? समुद्रातलं प्रवाळ घरातल्या काचपेटीत वाढवणाऱ्या परदेशातल्या हौशी लोकांना. त्यांचे नखरे आपल्या गप्पींपेक्षा दसपट! प्रवाळाला पाणी साधारण २४ ते २७ अंशांचंच लागतं. लाटा लागतात, म्हणून पंप. सूर्य लागतो, म्हणून वेळेवर लागणारे-मालवणारे दिवे. आणि पाण्याची पातळी हलून चालत नाही. का ते हिशेबाने बघा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. १०० लिटरच्या पेटीत झाले साडेतीन किलो. उन्हाने १० लिटर पाणी उडून गेलं, पण मीठ थोडंच उडतं? तेच साडेतीन किलो आता ९० लिटरमध्ये, म्हणजे लिटरला जवळजवळ ३९ ग्रॅम. म्हणून पातळी उतरली की गोडं पाणी आपोआप घालणारा तरंगता खटका बसवतात. हीटर, पंप, पंखा, दिवे या सगळ्यांचे प्लग एकाच लांब बोर्डात आणि त्या बोर्डाला हुकूम देणारी एक लहानशी पेटी. तयार मिळते ती महाग, म्हणून कितीतरी जण घरीच बनवतात.

हे सांगितल्यावर वर्गातून अपेक्षित तेच आलं. “बाई, आपण पण समुद्र आणू या!”

नाही आणता येत. प्रवाळ म्हणजे दगड किंवा झुडूप नव्हे, ती जिवंत प्राण्यांची वसाहत. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्या समुद्रातलं प्रवाळ काढणं किंवा विकणं गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. महाराष्ट्राजवळही प्रवाळ आहे बरं का! मालवणला आहे, तिथे १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालं. विजयदुर्गच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून शंभराहून अधिक किलोमीटर आत, पाण्याखाली एक पठार आहे. त्याचं नाव आंग्रिया बँक, आपल्या कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून. तिथे प्रवाळाला ना पंप लागतो, ना ऑटो. अफाट पाणी लवकर तापत नाही नि लवकर निवत नाही. ५४ लिटर मात्र एका दुपारीत बदलतं. तरी समुद्रालाही आता ताप चढू लागला आहे. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादाच अंश जास्त तापमान काही आठवडे टिकलं, की प्रवाळाच्या अंगातलं शैवाल निघून जातं आणि ते पांढरंफटक पडतं. १९९८ मध्ये असं जगभर झालं, लक्षद्वीपलाही झालं. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी अशीच चौथी जागतिक लाट जाहीर केली. एक अंश म्हणजे किती, हे आमच्या मुलांना एरवी पटलं नसतं. त्या सोमवारनंतर पटलं.

तेव्हा आमची पेटी गोड्या पाण्याचीच राहिली. यंत्र मात्र प्रवाळवाल्यांसारखं करायचं ठरलं.

सामान पुण्याहून आणलं, बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून. तिथे एकदा जाऊन बघाच, छातीएवढ्या दुकानात हजार प्रकारचे सुटे भाग! आर्डुइनो नावाचा बोर्ड घेतला. शिकणाऱ्यांसाठी इटलीत २००५ साली तयार झालेला हा पत्त्यांच्या कॅटएवढा संगणकच. पाण्यात बुडणारा, स्टीलच्या नळीतला तापमान मोजणारा सेन्सर घेतला. आकडे दाखवणारा छोटा पडदा, एक बझर आणि चार रिले. बॅटरीसकट सगळं दोन हजारांच्या आसपास गेलं.

रिले म्हणजे काय? लोखंडावर गुंडाळलेली तांब्याची तार. तिच्यातून जराशी वीज सोडली की ती चुंबक होते आणि खटका ओढते. टक्! पाच व्होल्टच्या बोटाने २३० व्होल्टचं बटण दाबलं म्हणा ना. अमेरिकेतल्या जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास ही युक्ती काढली, नंतर ती तारायंत्रात कामी आली. आणि शेतातल्या स्टार्टरमध्ये जो ‘खाट्’ आवाज येतो ना, तो या टकचाच थोरला भाऊ.

पाच व्होल्टची बाजू मुलांनी जोडली. २३० व्होल्टची बाजू मात्र गावातले मोटर रिवाइंडिंग करणारे मामा करणार, हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं. पालकहो, हे तुम्हीही ध्यानात ठेवा. पाणी आणि घरची वीज जवळ आली तर पोराच्या हातात स्क्रूड्रायव्हर द्यायचा नाही, जाणता वायरमनच हवा. मामांनी बोर्ड प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करून भिंतीवर उंच लावला. अर्थिंग तपासलं. ३० मिलिअँपियर वीज वाट चुकली तरी क्षणात बंद करणारा खटका लावला. शिवाय प्रत्येक वायर प्लगपाशी जाण्याआधी खाली झोळीसारखी सोडली. “पाण्याचा थेंब वायरीवरून घसरत आला तर झोळीच्या तळाला गळून पडंल, प्लगात शिरणार न्हाई,” मामा म्हणाले. एवढी साधी गोष्ट, पण किती शहाणपणाची!

मामांनी दुसरी गोष्ट विचारली, तिने आमच्या यंत्राला आकार दिला. “बाई, हे बंद पडलं तर काय व्हायला पायजे?”

मोटरीचं त्यांना ठाऊक होतं. तीनपैकी एक फेज गेला आणि मोटर चालूच राहिली तर जळते, म्हणून फेज गेला की तिने थांबायचं. पण माशांचं काय? मी फळ्यावर लिहिलं आणि मुलांना विचारलं. हीटर? “बंद!” हवेचा पंप? यावर भांडण झालं. शेवटी एक मुलगी म्हणाली, “बाई, हीटर रात्रभर नसला तर मासे गारठतील, पण हवा नसली तर मरतील. पंप चालू पायजे.”

रिलेला तीन टोकं असतात. मधलं एक सामाईक. दुसरं टोक रिले झोपलेला असताना जोडलेलं असतं, तिसरं तो जागा झाल्यावर जोडलं जातं. पंप झोपेतल्या टोकाला लावला, हीटर जागेपणीच्या टोकाला. आता आर्डुइनो मेला तरी पंप फुरफुरत राहणार आणि हीटर मिटणार. मग चाचणी. एका मुलाने आर्डुइनोचा प्लग काढला. टक्, टक्! हीटरच्या जागी लावलेला बल्ब विझला, पंप चालूच! वर्गाने टाळ्या वाजवल्या.

आज्ञा अगदी थोड्या. २४.५ च्या खाली गेलं तर हीटर लाव, २५.५ च्या वर गेलं तर बंद कर. मध्ये एक अंशाची मोकळी जागा कशाला? ती नसली तर रिले टक-टक-टक करत सुटेल आणि त्याचीही टोकं जळतील. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी एक तांब्या कमी झालं म्हणून कुणी मोटर लावतं का?

हीटर जोडायच्या आधी पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, “सेन्सरची वायर उंदराने कुरतडली तर?” चला, बघू या! वायर काढली. पडद्यावर आकडा आला उणे १२७! सेन्सर सापडला नाही की हाच आकडा दिसतो. पण बिचाऱ्या यंत्राला काय कळतं? त्याला वाटणार, बापरे, काय ही थंडी! आणि ते हीटर लावून बसणार. मग आम्ही आणखी एक ओळ लिहिली: ५ च्या खाली किंवा ४५ च्या वर आकडा आला तर तो खोटा समज, हीटर बंद कर, बझर वाजव.

रिलेची टोकंही कधीतरी चिकटू शकतात. म्हणून नवा हीटर ५० वॉटचाच घेतला, चालू राहिला तरी पाणी उकळल्यासारखं व्हायला नको. त्याची स्वतःची पट्टी २७ वर ठेवली. एका दाराला दोन कुलपं.

राहिली लाइट. ती गेली तर सगळं यंत्रच झोपणार! इथे मामांची करामत. बारा व्होल्टचा छोटा हवेचा पंप आणि सात अँपियर-तासांची बॅटरी. मध्ये एक वेगळा रिले, लाइट असेपर्यंत जागा राहणारा. लाइट गेली की तो झोपतो आणि झोपेतल्या टोकाने पंप बॅटरीला जोडतो. यात आर्डुइनो नाही, आज्ञा नाही, काही नाही. पंपाला पाव अँपियर लागते. सातला पाव ने भागा. अठ्ठावीस तास आले ना? बॅटरी शेवटच्या थेंबापर्यंत पिळायची नसते, म्हणून वीस धरा.

याची परीक्षा एप्रिलमध्ये झाली. संध्याकाळी वळीव आला, वादळाने खांब वाकले आणि रात्रभर लाइट नव्हती. उन्हाळ्यात ही गोष्ट जास्त वाईट असते. २० अंशांच्या लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. म्हणजे पाणी तापलं की माशांचा श्वास आधीच तोकडा. दिवसा आमचा चौथा रिले पंखा लावतो. पंख्याने पाण्याची वाफ होते आणि माठासारखं पाणी दोन-तीन अंश उतरतं. त्या रात्री पंखा कुठला चालायला! सकाळी सात वाजता मी कुलूप काढलं तेव्हा माझ्याआधी चार मुलं दारात उभी होती. आत अंधार होता, पण फुरफुर ऐकू येत होती. पिल्लांसकट सगळे मासे मोजून झाले तेव्हा कुठे मुलं घरी अंघोळीला गेली.

एक मात्र आहे, आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार भारी. पंख्याने पाणी उडतं आणि काचेवर पांढरी कड चढते. तो तरंगता खटका अजून लावायचा आहे.

आषाढात माउलींची पालखी वेळापूरला मुक्कामाला आली तेव्हा आमच्या वर्गात एका दिंडीतल्या आज्या उतरल्या होत्या. पेटी झाकून ठेवली होती, पण रात्री ‘टक्’ झालं की त्या दचकत. “काय गं बाई वाजतंय हे?” त्यांनी पाणी घेऊन आलेल्या मुलाला विचारलं.

“काही नाही आजी, माशांचा ऑटो हाये. पाणी तापलं म्हणून पंखा लागला.”

“आणि आमाला रं?” आजी म्हणाल्या. तो पळत गेला आणि घरून टेबलफॅन घेऊन आला.