हिरव्याखालचा रंग

मेलेल्या माणसांची चित्रं काढण्यावर माझं घर चाललं. कुणाचे आजोबा, कुठल्या पतपेढीचे संस्थापक-अध्यक्ष. हातात पडणार एक पिवळा पडलेला पासपोर्ट फोटो आणि सोबत सूचना: नाक जरा सरळ करा, गाल भरा, टोपी हवीच. संध्याकाळी ही कामं आवरली की मी माझी चित्रं काढायला घेतो. तीही मेलेल्यांचीच. बोरिस कार्लॉफ, बेला लुगोसी, लॉन चेनी, हॉलिवूडच्या जुन्या भयपटांतले हे नट. यांचे नातेवाईक मात्र दुरुस्त्या सांगायला येत नाहीत.

हे वेड फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर लागलं. इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा नुकतीच संपली होती. जुन्या पुस्तकांच्या ढिगात 'फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड' या अमेरिकन मासिकाचा एक अंक मिळाला. आतला कागद अगदीच रद्दी; पण मुखपृष्ठावरच्या चेहऱ्यावर एका बाजूनं लाल उजेड पडलेला, दुसऱ्या बाजूनं हिरवा, आणि कपाळावर झगझगीत पिवळा. आम्हाला शाळेत त्वचेसाठी येलो ऑकर, पांढरा आणि किंचित लाल एवढंच शिकवलेलं. चित्रकाराचं नाव बॅसिल गोगोस. इजिप्तमध्ये ग्रीक घरात जन्मलेला हा मुलगा सोळाव्या वर्षी अमेरिकेला गेला आणि 1960पासून या मासिकाची मुखपृष्ठं करू लागला. समोर असायची ती बहुतेक स्टुडिओची कृष्णधवल छायाचित्रं, म्हणजे रंग सगळे त्याच्या मनचे. पोस्टर कलरनं मी त्याची नक्कल केली. आईनं ती पाहिली आणि एवढंच म्हणाली, "देवघराच्या भिंतीवर नको लावूस म्हणजे झालं."

नक्कल जमली तरी माणूस जमत नव्हता. कला महाविद्यालयात पोर्ट्रेटच्या वर्गाला बसलो, कवटी आणि स्नायूंचा अभ्यास केला, तेव्हा यातला सगळ्यात अवघड कोण ते कळलं. चेनी त्यातल्या त्यात सोपा. 1925च्या 'फँटम ऑफ द ऑपेरा'मधला त्याचा चेहरा म्हणजे जवळजवळ कवटीच, आणि ती त्यानं स्वतःच्या हातानं रंगवलेली. त्याचे आईवडील दोघंही बहिरे होते. लहानपणापासून घरात चेहऱ्यानं आणि हातांनीच बोलायची सवय, आणि पुढे मूकपटात तीच कामाला आली. त्याच्या चेहऱ्यात कुठे ब्रश टेकवायचा हे चेनीनंच ठरवून ठेवलेलं असतं. लुगोसी मात्र घाम काढतो. 1931च्या 'ड्रॅक्युला'त ना त्याचे सुळे दिसतात ना कुठे जखम. तेल लावून मागे चापलेले केस, पांढरट चेहरा आणि डोळ्यांवर सोडलेला उजेडाचा पट्टा. पापणीची रेघ केसभर वर गेली की तो ड्रॅक्युला राहत नाही, लग्नाच्या वऱ्हाडातला बँडमास्तर होतो. 1956मध्ये तो गेला आणि त्याला ड्रॅक्युलाच्या झग्यातच पुरलं. भूमिकेनं त्याला मेल्यावरही सोडलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

पण आयुष्यभर मी ज्याच्यापाशी येत राहिलो तो कार्लॉफ. 'फ्रँकेन्स्टाइन'ही 1931चाच. त्यात कार्लॉफ राक्षस, आणि जॅक पिअर्स हा मेकअपमन रोज चारेक तास त्याच्या चेहऱ्यावर खपायचा. कापूस आणि कलोडियन हा चिकट द्राव एकावर एक चढवून ते उंच, सपाट कपाळ उभं राहिलं. पापण्यांवर मेण बसवलं, कारण डोळे फार जागे दिसताहेत असं खुद्द कार्लॉफला वाटलं. एका बाजूचे खोटे दात काढून गाल आत ओढला. वरून निळसर हिरवा रंग फासला, तो कृष्णधवल फिल्मवर प्रेतासारखा पांढुरका दिसावा म्हणून. प्रेक्षकांना पडद्यावर ती हिरवी कातडी कधी दिसलीच नाही. पुढच्या चित्रकारांनी आणि खेळणीवाल्यांनी मात्र ती जगभर नेली.

मीही कितीतरी वर्षं तीच रंगवली. व्हिरिडियन, थोडा पांढरा, सावलीत प्रशियन ब्ल्यू. चित्र भयानक दिसायचं आणि निर्जीव. मग वाचनात आलं की कार्लॉफ म्हणजे खरा विल्यम हेन्री प्रॅट, 1887 साली लंडनमध्ये जन्मलेला. पण मूळ आपल्याकडे पोचलेलं. त्याची आजी ही ॲना लिओनोवेन्सची सख्खी बहीण. सयामच्या राजवाड्यात मुलांना शिकवायला गेलेली आणि 'द किंग अँड आय'मुळे जगाला ठाऊक झालेली ॲना 1831मध्ये अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, जन्मली. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेतल्या एका सार्जंटची ही मुलगी आपण वेल्समध्ये जन्मल्याचं सांगत राहिली. ॲनाच्या आईच्या बाजूनं घराण्यात हिंदुस्थानी रक्त असावं, असं अभ्यासक मानतात. कार्लॉफचा वर्ण इतर इंग्रजांपेक्षा सावळा होता, आणि हॉलिवूडनं त्याला इजिप्शियन, अरब, चिनी असं काय काय करून टाकलं.

तेव्हापासून मी हिरव्याच्या आधी बर्न्ट सिएनाचा पातळ थर देतो, आपल्याकडच्या कुठल्याही आजोबांच्या चित्राला देतो तसाच. तो वाळला की वर हिरवा, पण पारदर्शक. गालाच्या हाडापाशी आणि कानाच्या पाळीवर खालचा तपकिरी डोकावू देतो. गोगोसच्या रंगांची चमक त्यात येत नाही, आणि मला ती आता नकोही आहे.

चित्रं बघायला येणाऱ्यांत मोठी माणसं "बाप रे" म्हणून पुढे सरकतात. लहान मुलं राक्षसासमोर थांबतात आणि हमखास विचारतात, याला कुणी मारलं? कार्लॉफलाही मुलांची पत्रं यायची आणि त्यांना राक्षसाची दयाच यायची, असं तो सांगे. 'फ्रँकेन्स्टाइन' जेमतेम सत्तर मिनिटांचा आहे. घरातल्या एखाद्या जाणत्या मुलाला शेजारी घेऊन पाहा. छपराची झडप उघडून उजेड आत येतो आणि राक्षस तो धरायला हात वर करतो, त्या जागी चेहऱ्याकडे बघू नका, हातांकडे बघा. पिअर्सच्या डब्यातल्या कुठल्याही रंगानं तसे हात होत नाहीत.