"ब्रेकचं सगळं नवं आहे"



आषाढीचे प्रस्थान जवळ आले की गावोगावच्या दिंड्यांत सामानाच्या गाडीची बोलणी सुरू होतात. भाडे किती, ताडपत्री धड आहे का, स्वयंपाकाची भांडी कुठे बसवायची, ड्रायव्हर माळकरी आहे की नाही, सगळे विचारून होते. ब्रेकचे मात्र कोणी विचारत नाही. मीही कधी विचारले नव्हते. ते न विचारल्याने काय झाले ते आज आपल्याला सांगतो. सांगताना लाज वाटेल असे यात बरेच आहे, पण तेवढे गाळले तर लिहिण्याला काही अर्थ उरत नाही.

मी भोर तालुक्यातला. महाडकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचे गाव आहे. भाताची शेती, आणि रात्री देवळात भजन. आमच्या मंडळात आता तरुण कमी आणि साठी ओलांडलेले जास्त. वेल्ह्याकडे (तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे, पण आमच्या तोंडी वेल्हेच) नातीगोती पुष्कळ, त्यामुळे सप्ताहाची, जागराची आमंत्रणे तिकडूनच जास्त येतात. जाताना एसटी मिळते, येताना मिळत नाही. कीर्तन संपून पंगत उठेपर्यंत शेवटची गाडी केव्हाच गेलेली असते. म्हणून चार वर्षांपूर्वी मी सात माणसे बसतील अशी जुनी व्हॅन घेतली. विकणारा म्हणाला, "एका हाताची गाडी आहे, घाटात चाललेलीच नाही." मी आणली ती थेट घाटात.

पहिल्या पावसाळ्यातच तक्रार सुरू झाली. सपाटीला ब्रेक उत्तम. लांब उतार उतरून आले, की पेडल पोकळ लागायचे. दोनदा-तीनदा दाबावे तेव्हा कुठे ब्रेक धरायचा. कधी करपल्यासारखा वास यायचा, गाडी जराशी डावीकडे ओढायची. सकाळी पाहावे तर काही नाही, पेडल दगडासारखे घट्ट.

पहिल्या गॅरेजवाल्याने पॅड बदलले. दोन हजार दोनशे. महिनाभर बरे गेले, मग तेच. दुसऱ्याने मास्टर सिलिंडर गेलाय म्हणून सांगितले. चार हजार आठशे. तिसरे गॅरेज पुण्यातले, मोठे. त्यांनी बूस्टर बदलला, एअर काढली, साडेनऊ हजारांचे बिल हातात दिले. प्रत्येक ठिकाणी गाडी नेली की ती गार असे. मेस्त्री सपाट रस्त्यावर चक्कर मारून येई आणि म्हणे, "काका, ब्रेक तर एक नंबर आहे, तुमचा वहीम आहे." पैसे गेल्याचे दुःख होतेच, पण खोटे ठरवले गेल्याचे जास्त होते. माऊली, आपल्या दुखण्यावर समोरच्याचा विश्वासच बसत नाही तेव्हा माणूस किती एकटा पडतो, हे आपल्यापैकी कित्येकांना दवाखान्यातल्या बाकावर बसून कळले असेल.

तिन्ही मेस्त्र्यांना एक गोष्ट मात्र मी सांगितली नव्हती. ती पुढे येईलच.

गेल्या वर्षी माघात पाबे खिंडीपलीकडच्या एका गावात सप्ताह होता. कीर्तन गोरोबाकाकांवर होते. काका थापटणे घेऊन संतांच्या डोक्यावर मारून पाहतात, कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे, आणि नामदेवराय रागावतात, ती कथा. आपल्याला ती ठाऊकच आहे. बुवांनी छान रंगवली, मीही हसलो. मध्यरात्र उलटल्यावर आम्ही पाच जण निघालो. पुढे माझ्याशेजारी आमचे विणेकरी बाबा, वय ऐंशीच्या घरातले. गवसणी घातलेली वीणा त्यांच्या मांडीवर, मागे मृदंग.

खिंडीत गाडी थांबवली, पाय मोकळे केले. समोर तोरण्याचा काळा आकार. बाबा म्हणाले, "इथं पडलेला पाऊस अलीकडं वाहिला तर कानंदीतनं नीरेला जातोय, पलीकडं वाहिला तर मुठेला. पर दोन्ही मिळत्यात भीमेलाच. कुठं बी पडू दे, पंढरपूर चुकत नाही." खरेच आहे ते. माऊलींच्या पादुकांना जिथे स्नान घालतात ती नीरा आमच्याच तालुक्यात शिरगावजवळ उगम पावते. लहानपणापासून ठाऊक असून असे कधी मनात आले नव्हते. मी त्याच विचारात गाडी सुरू केली.

अर्ध्या उतारावर पेडल खाली गेले. पोकळ नव्हे, पार तळाला. पुन्हा दाबले, पुन्हा तळाला. पुढे वळण. मी हँडब्रेक ओढला, गिअर कसाबसा दुसऱ्यात घातला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या चरीत घातली. हँडब्रेकला तेल लागत नाही, त्याची तार थेट मागच्या चाकांना जाते, म्हणून तो तेवढा चालला. दुसरी बाजू दरीची होती. गाडी चरीत आपटली आणि बाबांचे कपाळ समोर आदळले. त्यांनी दोन्ही हातांनी वीणा धरली होती, स्वतःला सावरायला हातच मोकळा नव्हता. वेल्ह्याच्या दवाखान्यात तीन टाके पडले. बाबा मला एक शब्द बोलले नाहीत. पण त्यानंतर ते माझ्या गाडीत बसले नाहीत. भजनाला ते एसटीने येत, नाहीतर येतच नसत.

मी तिसऱ्या गॅरेजला पुन्हा गेलो. गाडी गार होती. उत्तर तेच मिळाले.

मग मी गाडी विकायला काढली. वेल्हे खोऱ्यातला एक तरुण आला. वाड्यावस्त्यांवरची पोरे शाळेत ने-आण करायचे काम त्याला मिळणार होते. भोरच्या सपाट रस्त्यावर त्याने गाडी चालवून पाहिली. गाडी अर्थातच गार होती. उतरल्यावर त्याने विचारले, "दादा, गाडीत काय काम तर नाही ना?"

मी म्हणालो, "ब्रेकचं सगळं नवं आहे." आणि तिन्ही बिले काढून दाखवली.

यातला एकही शब्द खोटा नव्हता. पॅड नवे, सिलिंडर नवा, बूस्टर नवा. पाच हजार रुपये विसार देऊन तो आनंदाने गेला.

त्या रात्री हरिपाठाला बसलो आणि टाळ वाजेना. गळ्यात तुळशीची माळ, खिशात विसार. मनाची समजूत घालायला कारणे पुष्कळ होती. मला तरी कुठे कोणी सांगितले होते? व्यवहारात असे चालतेच. तो तरुण आहे, निभावून नेईल. पण त्या गाडीत तो एकटा बसणार नव्हता, लहान पोरे बसणार होती, आणि त्यांचा रस्ता उताराचाच होता. कीर्तनातले थापटणे आता आठवले. नामदेवरायांच्या डोक्यावर ते बसले तेव्हा निदान सगळ्यांसमोर बसले. मला तर समोरच्याने सरळ विचारले होते आणि मी बिले पुढे केली होती.

सकाळी विसार घेऊन त्याच्या घरी गेलो. सगळे सांगितले, चर, टाके, सगळे. तो आभार मानेल, असे कुठेतरी मनात होते, कबूल करतो. तो भडकला. "काल का नाही सांगितलं? त्या दुसऱ्या गाडीला मी नाही म्हणून कळवून बसलो की!" बरोबरच होते त्याचे. त्याची आई बाहेर आली, तिने चहा दिला आणि तीही काही बोलली नाही. निघताना तोच म्हणाला, "माझ्या मामाच्या जीपचं असंच व्हायचं. नसरापूरला एक मेस्त्री आहेत. पण गाडी त्यांच्याकडे नेऊ नका. त्यांनाच गाडीत घालून घाटात न्या."

हे मेस्त्री वयस्कर. त्यांचा पहिला प्रश्न होता, "उतारावर गिअर कोणता ठेवता?"

माऊली, लपवलेली गोष्ट हीच. मी उतारावर गाडी न्यूट्रल करायचो, डिझेल वाचावे म्हणून. सगळा घाट पाय ब्रेकवर ठेवून उतरायचो. तिन्ही गॅरेजवाल्यांना मी दोष देत होतो, पण त्यांना अर्धेच दुखणे सांगितले होते. मेस्त्री रागावले नाहीत. "रोज उतरता तसंच उतरा," म्हणाले. दिवसाउजेडी, हळू, त्यांचा हात हँडब्रेकवर. वास यायला लागला तसे त्यांनी रुंद जागा बघून गाडी थांबवायला लावली आणि पुढच्या दोन्ही चाकांवर बाटलीतले पाणी शिंपडले. उजवीकडे पाणी ओघळले. डावीकडे चर्र झाले.

जॅक लावला. डावे चाक हाताने फिरेना. चाकाकडे जाणाऱ्या रबरी पाइपच्या वरचा नट त्यांनी ढिला केला, तरी चाक जाम. मग खाली कॅलिपरवरचे निपल सोडले. तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळे फिरायला लागले. "वर सोडलं तर काही नाही, खाली सोडलं तर सुटलं. मग अडलंय मधल्या रबरात," ते म्हणाले. तो वीतभर पाइप नंतर ब्लेडने उभा कापून त्यांनी दाखवला. आतले रबर फुगून भोक जेमतेम टाचणीएवढे राहिले होते. पायाच्या जोराने तेल चाकाकडे जायचे, पण पाय काढल्यावर परत यायचे नाही. म्हणजे माझा पाय ब्रेकवर नसतानाही ते चाक ब्रेक लावूनच चालत होते. त्यात मी न्यूट्रलमध्ये उतरणारा. चाक तापायचे, तेल उकळायचे, तेलाची वाफ व्हायची. तेल दाबले जात नाही म्हणून ब्रेक लागतो, वाफ दाबली जाते म्हणून पेडल तळाला जाते. गाडी गार झाली की वाफेचे पुन्हा तेल, आणि मेस्त्रीला दिसणार "एक नंबर".

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती दिंडीच्या गाड्यांसाठी फार महत्त्वाची आहे. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा पिते. बाटलीवर डॉट 3 लिहिलेले नवे तेल निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा प्यायलेल्या तेलाचा तोच आकडा 140 वर येतो. आमच्यासारख्या पावसाच्या मुलखात तर ओलाव्याला तोटाच नाही. माझ्या गाडीतले तेल काळे पडले होते. सगळी वर्षे त्याच्यात थोडे थोडे वरून ओतले गेले होते, पूर्ण काढून बदलले गेले नव्हते. म्हणून हात जोडून सांगतो: प्रस्थानाआधी ट्रकचे, टेम्पोचे ब्रेक ऑइल किती जुने आहे ते विचारा. दोन वर्षांहून जुने असेल तर पूर्ण बदलून घ्या. रबरी पाइप फुगलेत का, चिरलेत का ते बघायला सांगा. आणि ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. दिवे घाटात माऊलींच्या रथाला जादा बैलजोड्या लावतात, ते बघायला किती गर्दी होते! उताराकडे मात्र कोणाचे लक्ष नसते.

पाइप साडेतीनशे रुपयांचा. मेस्त्रींनी दोन्ही बाजूंचे बदलायला लावले, तेल बदलले, आणि पूर्ण दिवसाची मजुरी घेतली. मी घासाघीस केली नाही.

त्या तरुणाला फोन केला. तोवर दोन आठवडे गेले होते. शाळेचे काम सुरू झाले होते, आणि त्याने कर्ज काढून दुसरी गाडी घेतली होती, माझ्यापेक्षा महाग. "बरं झालं दुरुस्त झाली ते," एवढेच तो म्हणाला. त्याचे नुकसान झाले ते झालेच.

गाडी माझ्याकडेच राहिली. चैत्रात पुन्हा खिंडीपलीकडचे आमंत्रण आले. मी बाबांच्या घरी गेलो, पाइपचे दोन तुकडे त्यांच्यापुढे ठेवले, आणि न्यूट्रलचेही सांगितले. ते त्यांना माहीत नव्हते. बाबांनी तुकडा उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "मी एसटीनं वेल्ह्यापतुर येतो. तू मोकळी गाडी घेऊन खिंडीत जा आन् खाली उतरून ये. मी स्टँडवर बसतो."

मी गेलो. दुसऱ्या गिअरमध्ये चढलो, दुसऱ्यातच उतरलो. वेल्ह्याच्या स्टँडवर बाबा बाकड्यावर बसले होते, वीणा मांडीवर. ते उठले, गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला आले आणि पुढच्या चाकाजवळ तळहात नेऊन क्षणभर थांबले. मग दार उघडून वीणा माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "धर जरा, चढतो."